उरलेले तेवीस तास

ताई, मी वसमतची. वय 36, पतसंस्थेत कॅशियर आहे. घरात सासूबाई, आमचे हे, दीर-जाऊ आणि दोघींची मिळून चार लेकरं. थोडी शेती आहे, हळद असते. रात्री नऊ वाजले की सगळं घर टीव्हीसमोर. बिग बॉस असलं तर ते, नाहीतर नाचगाण्याचा कुठला तरी शो. मी त्या वेळी भाकरी करत असते, त्यामुळं मला सगळं ऐकूनच माहीत. मागच्या मे महिन्यात लेकरं ओसरीवर हळदीच्या पोत्यांवर बसून बिग बॉस खेळत होती. माझी थोरली सातवीत आहे. ती कोठीमागून घोगरा आवाज काढून बिग बॉस झाली होती. त्यांनी घरातल्या सगळ्यांना नॉमिनेट केलं, चिठ्ठ्या टाकल्या आणि मला घराबाहेर काढलं. कारण काय, तर ‘मम्मी फेक आहे, ती कुणाशीच भांडत नाही.’ सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, ‘लेकरं खोटं बोलत नसतेत. चौदा वर्षं झालं, गेम खेळायलीय ती.’ मीही हसले, पण त्या रात्री झोप लागली नाही, अन् अजूनही तेच आठवतं. सासूबाई वाईट नाहीत, ताई. सूरज चव्हाण बिग बॉस जिंकला तेव्हा पदर डोळ्याला लावून रडल्या होत्या. नगरपालिकेच्या निवडणुकीआधी ‘खेळ पैठणीचा’ झाला, त्यात त्यांनी पैठणी जिंकली, ती अजून घडीही मोडली नाही. मला वाटतं केबल काढून टाकावी. हे म्हणतात, टीव्हीचा काय दोष? मी खरंच फेक आहे का? आणि एक राहिलं. दिरांच्या नऊ वर्षांच्या मुलाला डान्सच्या शोसाठी निवडलंय असा फोन आलाय, पंधरा हजार रुपये भरा म्हणतात. दीर भरायच्या तयारीत आहेत.

बाई गं,

आधी घाईचं. ते पंधरा हजार भरू देऊ नकोस. नावाजलेला कुठलाही शो ऑडिशनसाठी पैसे घेत नाही, आणि ज्या लेकराचं नाचणं कुणी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही त्याला फोनवर कोण निवडणार? हे पत्र छापून येईपर्यंत दिरांनी भरलेच असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावायला सांग. अशा गोष्टीत पहिले काही तासच कामाचे असतात. उद्या त्याची खरोखर कुठं निवड झाली तर नियम माहीत असू दे. लहान मुलांच्या कामाबद्दल 2017 मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, लेकराला दिवसात पाच तासांच्या वर राबवता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, आणि मिळालेल्या पैशांतले निदान वीस टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. तू कॅशियर आहेस, हे शेवटचं कलम दिरांना तूच समजावून सांग.

पोराच्या पायात खरंच नाच असेल तर मी आडवी येणार नाही. आपल्या लातूरचा रोहित राऊत ‘लिटल चॅम्प्स’मध्ये गायला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवसांत आमच्या परभणीच्या गल्लीत कार्यक्रम संपल्याशिवाय कुणी कुणाला ताट वाढत नव्हतं. अंतिम फेरीतली ती पाचही लेकरं 2021 मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसली. मार्गी लागलेली लेकरं असतात, नाही असं नाही. फक्त ऑडिशनच्या रांगेत पहाटेपासून उभं राहून संध्याकाळच्या एसटीनं परत आलेली लेकरं आपल्याला टीव्हीवर दिसत नाहीत, एवढं दिरांच्या कानावर घाल.

आता तुझ्या झोपेचं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू. हळदीच्या पोत्यांचा सोफा आणि पिवळ्या बुडाचे चार न्यायाधीश! (वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ती पोती खऱ्या सोफ्यापेक्षा भारीच म्हणायची.) दुसऱ्यांदा वाचताना मात्र लेकीनं दिलेल्या कारणापाशी थांबले. ती कुणाशीच भांडत नाही, म्हणून ती फेक.

बारा वर्षांच्या पोरीनं हे माप आणलं कुठून? माझ्या लहानपणी गप्प राहणाऱ्या सुनेला आमच्याकडे ‘गरीब गाय’ म्हणत, फार तर ‘सालस’ म्हणत, आणि जी उलटून बोलेल ती ‘कजाग’. त्या मापाचं मला कौतुक नाही. गरीब गायीच्या पोटात काय आहे हे कुणी विचारायचं नाही, आणि कजाग म्हणून जिला नावं ठेवली तिचं निम्म्या वेळा तरी बरोबर असायचं. आता तेच माप उलटं धरलंय. जो तोंडावर बोलला, ओरडला, रडला, ताट सरकवून उठला, तो ‘रिअल’. जो गप्प बसला त्यानं मुखवटा घातलाय, तो ‘सेफ गेम’ खेळतोय, योग्य वेळी त्याचं ‘खरं रूप’ बाहेर येणार. हे शब्द आधी टीव्हीवर आले, मग कॉलेजच्या पोरांच्या तोंडी, आणि आता हळदीच्या पोत्यांवर. परवा आमच्या इथं भाजीवाल्याशी घासाघीस करणारी एक बाई त्याला म्हणाली, ‘तू माझ्यासंगं गेम करू नको.’ दोडक्यावरून!

बिग बॉसच्या त्या घरात काय होतं ते एकदा नीट डोळ्यांपुढं आण. भिंतीवर घड्याळ नाही. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, बाहेरच्या जगाची बातमी नाही. दुपारी डोळा लागला की आवाज सोडून उठवतात. खाण्याचं सामान मोजून मिळतं, तेही टास्क हरला तर कमी. आणि दर आठवड्याला तिथल्या माणसांनी एकमेकांची नावं घ्यायची, कारण सांगायचं, घराबाहेर काढायला सुचवायचं. अशा तऱ्हेनं डांबून ठेवलं तर सख्खे भाऊसुद्धा एका अंड्यावरून आठवडाभर अबोला धरतील. मी स्वतः दुपारची झोप मोडली तर चहा होईपर्यंत माणसात नसते. त्या अवस्थेत माणूस जे बोलतो ते त्याचं खरं रूप, असं कुणी ठरवलं? उपाशी आणि अर्धवट झोपेतला माणूस एवढंच ते रूप आहे.

पुढची गोष्ट त्याहून मोठी. कॅमेरे चोवीस तास चालू असतात आणि आपल्या ताटात येतो जाहिराती वगळून तासाभराचा भाग. मग उरलेले तेवीस तास कुठं जातात? त्या तेवीस तासांत कुणीतरी भांडी विसळली असतील, कुणी दुसरीची वेणी घालून दिली असेल, दोघं भिंतीला टेकून गावाकडच्या गोष्टी बोलले असतील, कुणी नुसतं आढ्याकडं पाहत पडलं असेल. ते सगळं कापलं जातं. कापणाऱ्याला मी दोष देत नाही, शांत बसलेला माणूस कोण बघणार? पण वर्षानुवर्षं तेवढा एक तास पाहिला की डोळ्याला सवय लागते, आणि मग आपण घरातल्या माणसांतही तो एक तास शोधायला लागतो. तो ज्याच्याकडं नसेल, तो संशयित.

बाई, तू सगळीच्या सगळी त्या तेवीस तासांत राहतेस. पहाटेचं पाणी, डबे, पतसंस्था, येताना आणलेली कोथिंबीर, मजुरांचा चहा. यातला कुठला तुकडा एपिसोडात येणार? लेकीनं तुला घराबाहेर काढलं म्हणतेस, माझ्या मते तिला तू दिसलीच नाहीस.

हे सगळं बाहेरून आलेलं वेड आहे, आपली संस्कृती असली नव्हती, असं कुणी तुला सांगेल. ऐकून सोडून दे. कार्यक्रमाचा साचा परदेशी आहे हे खरं. नेदरलँड्समध्ये 1999 साली ‘बिग ब्रदर’ या नावानं सुरू झाला, हिंदीत 2006 ला आला आणि मराठीत 2018 ला. पण मराठीत येताना त्यानं आपल्याकडून काय काय उचललं ते बघ. महेश मांजरेकर आठवड्याच्या शेवटी सगळ्यांना समोर बसवून हजेरी घ्यायचे, त्या भागाचं नाव काय? चावडी. 2024 ला पाचव्या पर्वात आपल्या बाभळगावचे रितेश देशमुख आले आणि चावडीचा ‘भाऊचा धक्का’ झाला. कान भरणं, गट पाडणं, लग्नात पंगतीला आधी कुणाला बसवलं यावरून तीन पिढ्यांचा अबोला, हे सगळं आपल्या भावकीत पिढीजात आहे, त्यासाठी नेदरलँड्सहून कुणी मास्तर आला नव्हता. आपलीच ज्वारी, त्यांनी दळून आपल्यालाच विकली. फरक एकच. भावकीतलं भांडण मिटवायला शेवटी कुणीतरी म्हातारं माणूस मध्ये पडायचं. टीव्हीवरचं भांडण मिटलं तर उद्या दाखवायचं काय?

म्हणून केबल काढू नकोस. एक तर शो फोनवर दिसतो, केबल काढून लेकरं तुझ्यापासून आणखी लांब कोपऱ्यात जातील. आणि दुसरं, टीव्हीनं बायकांचं फक्त नुकसानच केलं असं नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या गावांतली माहिती तपासली. गावात केबल आल्यावर काय बदललं? नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरच्या निर्णयांत बायकांचं म्हणणं वाढलं. त्या काळात तिथं बायका पाहत होत्या त्या शहरी घरांतल्या मालिका, रिअ‍ॅलिटी शो नव्हेत. पण मुद्दा तोच. दुसऱ्याच्या घरात डोकावलं की आपलं घर वेगळं दिसायला लागतं.

कधी कधी शहाणपण भलत्याच वाटेनं येतं. शिल्पा शेट्टी 2007 मध्ये इंग्लंडच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये गेली होती, आठवतंय? तिथं तिला जी वागणूक मिळाली त्यावर चाळीस हजारांवर तक्रारी गेल्या. त्यात सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या जेड गुडी नावाच्या इंग्रज बाईनं. तीच जेड पुढच्या वर्षी आपल्या हिंदी बिग बॉसमध्ये आली, आणि त्या घरात असतानाच तिला कळवण्यात आलं की गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. ती परत गेली, तिचं आजारपणही सगळ्या देशानं पाहिलं, आणि मार्च 2009 मध्ये ती गेली. वय 27. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये या कर्करोगाच्या तपासण्या नेहमीपेक्षा सुमारे पावणेपाच लाखांनी जास्त झाल्या. जिला सगळ्यांनी खलनायिका ठरवून निकाल लावला होता, तिच्यामुळं इतक्या बायका दवाखान्याची पायरी चढल्या. (तू गेलीस का कधी? तीस ओलांडलीस. सासूबाईंनाही ने.)

आता तुझ्या सासूबाईंकडं येते, कारण पत्रात त्यांच्याबद्दल तू दोन वाक्यं लिहून गेलीस आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटली.

पहिलं ते पैठणीचं. ‘होम मिनिस्टर’ 2004 मध्ये सुरू झालं तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आदेश बांदेकर दारात उभे राहून ‘वहिनी’ म्हणून हाक मारायचे आणि घरातली सून, जिनं कधी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती नवऱ्याशेजारी बसून त्याच्या सवयी सांगून हसायची. पुढं त्याची नक्कल गल्लोगल्ली झाली. आज नवरात्र असो, हळदीकुंकू असो की निवडणूक, ‘खेळ पैठणीचा’ नसेल असा तालुका दाखव. मला यातलं पुढाऱ्यांचं गणित कळतं. गंमतही वाटते, की पैठणी आपल्या गोदाकाठच्या पैठणची, आता बहुतेक विणली जाते येवल्याला, आणि आपल्याच मराठवाड्यात परत येते ती उमेदवाराच्या फोटोखाली. तरीही मी त्या खेळाला नावं ठेवत नाही. परभणीत एकदा अशा कार्यक्रमाला मी मागच्या खुर्चीवर बसले होते. साठीची एक बाई फुगे फोडण्यात पहिली आली. निवेदकानं माइक पुढं करून नाव विचारलं. बाईंनी नवऱ्याचं नाव सांगितलं, मग मुलाचं. तो म्हणाला, ‘तुमचं नाव, माय.’ बाई थांबल्या, पदर सारखा केला, आणि लाजत लाजत नुसतं स्वतःचं नाव घेतलं. आडनाव नाही, काही नाही. स्पीकरमधून ते नाव मैदानभर घुमलं तेव्हा त्या स्वतःच दचकून मागं पाहायला लागल्या.

तुझ्या सासूबाईंनी ती पैठणी नेसली नाही, घडी मोडली नाही, याचा अर्थ ती त्यांना साडी वाटतच नाही. एखाद्या दुपारी ती कपाटातून काढायला लाव. डांबराच्या गोळ्यांचा वास येईल, येऊ दे. त्या दिवशी काय झालं, कुठला खेळ होता, माइकवर काय बोललात, ते विचार आणि मध्ये न बोलता ऐक. ज्या बाईला आयुष्यात एकदा टाळ्या मिळाल्या आणि त्या खेळ खेळून मिळाल्या, ती बाई ‘गेम’ हा शब्द शिवी म्हणूनच वापरते असं मला वाटत नाही. ‘गेम खेळायलीय ती’ यात थोडी थट्टा आहे, थोडं कौतुकही असेल. चौदा वर्षं टिकून राहणाऱ्या सुनेकडं बघायची त्यांची ती भाषा असावी. माझं चुकत असेल, त्यांना तू जवळून बघतेस.

दुसरं ते सूरज चव्हाणचं. सासूबाई ज्याच्यासाठी रडल्या तो पोरगा कोण होता? बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आई-बाप गेलेला, शिक्षण अर्धवट राहिलेला, रील करून लोकांना माहीत झालेला. घरात बोलण्यात पटाईत माणसं भरलेली होती, आणि हा कितीतरी दिवस बाजूला, आपल्या आपल्यात असायचा. 6 ऑक्टोबर 2024 च्या रात्री तो जिंकला तेव्हा त्याच्या शेजारी उभा असलेला उपविजेता कोण, तर अभिजीत सावंत, 2005 मध्ये पहिला ‘इंडियन आयडॉल’ झालेला. एकाला आधीच्या पिढीनं एसएमएस करून डोक्यावर घेतलं होतं, दुसऱ्याला आताच्या पिढीनं रीलमधून उचललं. त्या निकालाचे अर्थ पुष्कळांनी लावले. गावाची सहानुभूती म्हणाले, दया म्हणाले. मला त्यातलं एवढंच तुझ्या कामाचं वाटतं की गडबड करणाऱ्या एवढ्या माणसांतून तुझ्या सासूबाईंनी निवडला तो न बोलणारा. म्हणजे गप्प माणूस ओळखायची नजर त्यांना आहे. ती टीव्हीपुरती चालते आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबते, इतकंच. हे त्यांना एकदा हसत हसत म्हणून बघ, ‘सूरज बोलत नव्हता तर तुम्हाला खरा वाटला, अन् मी?’ उत्तराची वाट बघू नकोस, भाजी निवडायला बस.

लेकीचं काय करायचं ते सांगते. रागावू नकोस, समजावूही नकोस. सातवीतल्या पोरीला समजावलं की तिला त्यात एक भाग मिळतो, ‘मम्मी इमोशनल कार्ड खेळली.’ तिला काम दे. एका रविवारी फोन तिच्या हातात दे आणि सांग, दिवसभर घराचं शूटिंग कर, मग त्यातून दोन फिल्म बनव, प्रत्येकी तीन मिनिटांची. पहिलीत मम्मी खलनायिका पाहिजे, दुसरीत आज्जी. शूटिंग तेच, माणसं तीच, आणि कुणालाही खोटं काही करायला सांगायचं नाही.

हे मी हवेत सांगत नाही. मागच्या दिवाळीत माझ्या बहिणीच्या नातवंडांना मी हाच उद्योग लावून दिला होता. शेवेच्या डब्याचं झाकण अडकलं म्हणून मी डबा ओट्यावर आपटला. पोरांनी ते आपटणं तीनदा दाखवलं, एकदा सावकाश, खाली ढगांचा गडगडाट लावून. लगेच पुढं माझी वहिनी भेदरून बघतेय. वहिनीचं ते बघणं माझ्याकडं नव्हतंच गं! अर्ध्या तासापूर्वी खिडकीत वानर आलं होतं, त्याच्याकडं होतं. मग परत मी, चष्मा काढून पुसतेय, की लावला दुःखी सनईचा तुकडा. तीन मिनिटांत मी अशी सासुरवास करणारी नणंद झाले की माझ्याच अंगावर काटा आला. वहिनी हसून हसून खाली बसली, आणि मग म्हणाली, ‘पण ताई, कधी कधी तुम्ही आपटता बरं का.’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. त्यावर आमचं थोडं बोलणं झालं, ते इथं लिहीत नाही.

पोरं मात्र त्या दिवसापासून टीव्हीसमोर बसली की एकमेकांना विचारतात, ‘हे बघणं कुठलं असेल रे?’ एवढा एक प्रश्न तुझ्या लेकीच्या डोक्यात बसला तर केबल खुशाल राहू दे.

राहता राहिलं, तू फेक आहेस का. नाहीस. पण तुला पूर्ण सोडूनही देणार नाही मी. तुझ्या पत्राची पानं मोजली, चार भरली. त्यात सासूबाई काय म्हणाल्या ते आहे, हे काय म्हणाले ते आहे, दिरांचं काय, लेकरांचं काय. तुला काय हवंय याचं एक वाक्य नाही. चौदा वर्षं तू न भांडता राहिलीस ते घर सांभाळायला, मान्य. पण न भांडणं आणि न मागणं यांत अंतर आहे, आणि त्यात मोठं होणाऱ्या लेकीला आई दिसेनाशी होते. मला तुझं भांडण नको आहे, मागणं एक पाहिजे. लहानसं, रोजचं, आणि सगळ्यांसमोर केलेलं.

तूच लिहिलंयस, घर टीव्ही बघतं तेव्हा मी भाकरी करत असते. शहरातल्या मुलींना गावात आणून कामाला लावणारा ‘जाऊ बाई गावात’ नावाचा शो 2023 मध्ये सुरू झाला होता, तुमच्याकडं नक्की पाहिला असणार. तिथं चुलीपुढचं आणि गोठ्यातलं काम म्हणजे स्पर्धा, टास्क. तीच भाकरी तू रोज वीस-बावीस थापतेस, तव्याच्या धगीत, पाठीमागं टीव्हीचा आवाज, आणि एकेक करून ऊन ऊन बाहेर धाडतेस. घरात घराचाच शो चालू आणि तू सेटच्या बाहेर.

उद्यापासून भाकरी आठला सुरू कर. साडेआठला दुरडीत रुमालाखाली झाकून ठेव. नऊला हात धुऊन दिवाणावर जा आणि लेकीला म्हण, ‘सरक तिकडं.’ कुणी विचारलं तर सांग, ‘मला बी बघायचंय.’ त्या वाक्याला कारण जोडू नकोस, माफी तर अजिबात नको. पहिल्या दिवशी हे तुझ्याकडं बघतील, मग दुरडीकडं. जाऊ उठून जाईल असं वाटलं तर तिलाही धरून बसव. आणि भाकरी गार झाली म्हणून कुणी कुरकुर केलीच, तर नाव मला कळव. पुढचं पत्र मी त्यांना लिहीन.

तुझी,
ताई